लंडनचा हसतमुख कारकून

सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. लंडन शहरातील लेडनहॉल स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची भव्य कचेरी होती. कामाची वेळ संपली म्हणजे त्या इमारतीतून कारकुनांचा लोंढा बाहेर पडे. त्यांत काळा पोशाख केलेला, अंगाने लहानखुरा व किडकिडीत असा एक गृहस्थ असे. दिवसभर त्याने चहा, नीळ आणि रेशीम यांच्या हिशेबाचे आकडे लिहिलेले असत. बोलताना तो अडखळे. पण दुकानांतील मांडणी, रस्त्यावरील गर्दी आणि जुन्या पुस्तकांचे ढीग न्याहाळीत, तो मोठ्या मजेत घरी जाई. हा साधा कारकून इंग्रजी भाषेतील एक श्रेष्ठ निबंधकार आहे, असे त्याच्याकडे पाहून कोणाच्या मनातही आले नसते. लोकांना हसविणाऱ्या या माणसाने केवढे दुःख उराशी बाळगले आहे, हे तर त्याच्या निकटच्या स्नेह्यांनाच ठाऊक होते. या गृहस्थाचे नाव चार्ल्स लँब.

चार्ल्सचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजी लंडनमध्येच झाला. थेम्स नदीच्या काठी 'टेंपल' नावाची वकिलांची जुनी वसाहत आहे. तेथील बागा, कारंजी आणि सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारी घड्याळे यांच्या सहवासात त्याचे बालपण गेले. त्याचे वडील सॅम्युएल सॉल्ट नावाच्या वकिलाकडे नोकरीस होते. घरची स्थिती बेताचीच होती. सात भावंडांपैकी तिघेच जगली : थोरला जॉन, मधली मेरी आणि धाकटा चार्ल्स. मेरी चार्ल्सपेक्षा दहा वर्षांनी मोठी होती. त्याला अंगाखांद्यावर खेळविले ते तिनेच आणि अक्षरओळख करून दिली तीही तिनेच. सॉल्टसाहेबांच्या घरी जुन्या ग्रंथांनी भरलेली खोली होती. त्या खोलीत ही दोन भावंडे तासन् तास पुस्तके चाळीत बसत. वाचनाचे वेड त्यांना येथेच लागले आणि ते जन्मभर टिकले.

वयाच्या सातव्या वर्षी चार्ल्स 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' या शाळेत दाखल झाला. नाव हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हते. गरीब घरच्या मुलांना आश्रय देणारी ती एक जुनी शाळा होती. तेथील मुले पायघोळ निळा अंगरखा व पिवळे मोजे घालीत. शिस्त कडक होती आणि जेवण बेचव. चार्ल्सची एक म्हातारी आत्या होती. भाच्याचे हाल होतात म्हणून ती घरून काहीतरी रुचकर शिजवून आणी, शाळेच्या आवारात पायरीवर बसे आणि पदराआड झाकून आणलेले भांडे त्याच्यापुढे उघडी. इतर मुले पाहतात म्हणून चार्ल्सला तेव्हा त्या भोळ्या म्हातारीची लाज वाटे. पुढे ती वारल्यावर मात्र ही आठवण त्याला फार बोचू लागली.

याच आत्याची आणखी एक हकीकत त्याने आपल्या एका निबंधात सांगितली आहे. एकदा सुट्टी संपवून शाळेत परतताना तिने त्याला स्वतःच्या हाताने भाजलेला गोड केक बांधून दिला. लंडनच्या पुलावर एक वृद्ध भिकारी भेटला. देण्यासाठी खिशात पैसा नव्हता; म्हणून चार्ल्सने तो अख्खा केक त्याच्या हाती ठेवला आणि मोठ्या ऐटीत पुढे चालू लागला. परंतु पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच त्याला रडू कोसळले. आत्याने तो केक खपून केला होता, तो आपल्या लाडक्या भाच्याने खावा म्हणून. आपण उदार झालो खरे, पण तिच्या कष्टांवर! या लहानशा प्रसंगातून त्या मुलाचे हळवे आणि स्वतःशी प्रामाणिक असलेले मन दिसून येते.

शाळेत त्याला सॅम्युएल टेलर कोलरिज हा मित्र लाभला. हाच पुढे मोठा कवी झाला आणि ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. कोलरिज विद्यापीठात गेला. चार्ल्सला मात्र ते भाग्य लाभले नाही. शाळेतील हुशार मुलांना धर्मोपदेशक होण्यासाठी विद्यापीठात पाठवीत. पण बोलताना अडखळणारा मुलगा प्रवचन कसे करणार? चौदाव्या वर्षी त्याचे शिक्षण संपले. थोडे दिवस दुसऱ्या एका कचेरीत काढल्यावर १७९२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून रुजू झाला. हिंदुस्थानात राज्य पसरविणारी कंपनी ती हीच. १८१८ मध्ये या कंपनीने पेशवाई संपविली, तेव्हा तिकडे लंडनमध्ये तिच्या जाडजूड वह्यांत लँब निमूटपणे आकडे भरीत बसला होता.

चार्ल्स एकवीस वर्षांचा असताना त्याच्या घरावर मोठा घाला पडला. आई आजाराने पंगू झाली होती. वडिलांची बुद्धी वार्धक्याने मंदावली होती. मेरी दिवसा शिवणकाम करून संसाराला हातभार लावी आणि रात्री आईची शुश्रूषा करी. या अतिश्रमाने तिचे मन पार थकून गेले. २२ सप्टेंबर १७९६ रोजी तिच्या मनाचा तोल एकाएकी सुटला आणि त्या भ्रमाच्या भरात तिच्या हातून प्रत्यक्ष आईचाच प्राण गेला. चार्ल्सने धावत जाऊन तिच्या हातातील सुरी काढून घेतली. चौकशी झाली, हे कृत्य वेडाच्या भरात घडले असा पंचांनी निर्णय दिला.

मेरीला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, असे थोरल्या भावाचे म्हणणे पडले. चार्ल्सला ते मानवले नाही. मनाचा आजार म्हणजे काय, हे तो स्वतः जाणून होता. कारण आदल्याच हिवाळ्यात त्यालाही सहा आठवडे अशा इस्पितळात काढावे लागले होते. बहिणीचा यात काडीइतकाही दोष नाही, अशी त्याची खात्री होती. तिच्या सांभाळाची सर्व जबाबदारी आपण जन्मभर घेऊ, असे त्याने वचन दिले. १७९९ मध्ये वडील वारले आणि तो मेरीला आपल्या घरी घेऊन आला. तेव्हापासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, ही दोन भावंडे एकत्र राहिली. चार्ल्सने लग्न केले नाही. दिलेले वचन त्याने पाळले आणि त्याबद्दल कुरकूर म्हणून केली नाही.

हे पाळणे सोपे नव्हते. मेरी एरवी शांत, समंजस व प्रेमळ होती. परंतु तिचा आजार अधूनमधून उलटे. शेजाऱ्यांत कुजबुज सुरू झाली म्हणजे बिऱ्हाड हलवावे लागे. आजाराची चिन्हे तिला स्वतःला आधीच कळत. मग दोघे भावंडे हातात हात घालून इस्पितळाची वाट धरीत. त्या वाटेने रडत चाललेली ती दोघे एका स्नेह्याच्या दृष्टीस पडली होती. काही आठवड्यांनी मेरी बरी होऊन परत येई आणि घरात पुन्हा चहाचे पेले किणकिणू लागत.

बरी असताना मेरी भावाच्या बरोबरीने लिहीत असे. शेक्सपिअरची नाटके मुलांना वाचावयास कठीण जातात. म्हणून त्यांतील गोष्टी सोप्या भाषेत सांगण्याचे काम या दोघांनी हाती घेतले. एकाच मेजावर समोरासमोर बसून ती लिहीत. वीस गोष्टींपैकी सहा शोकान्त कथा चार्ल्सने लिहिल्या आणि उरलेल्या चौदा मेरीने. १८०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यावर नाव मात्र एकट्या चार्ल्सचेच छापलेले होते. आज मेरीलाही तिचे श्रेय दिले जाते. ज्या स्त्रीला जन्माची कोठडी व्हायची, तिच्या लेखणीने जगभरच्या मुलांना शेक्सपिअरची ओळख करून दिली!

लँबच्या स्वभावात विनोद इतका मुरलेला होता की स्वतःची फजितीही तो मजेने पाही. १८०६ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडनच्या ड्रुरी लेन या प्रसिद्ध नाट्यगृहात त्याचे एक प्रहसन रंगभूमीवर आले. नायक आपले आडनाव सर्वांपासून लपवितो, एवढ्याच विनोदावर त्याची उभारणी होती. शेवटी ते आडनाव 'डुकराचे मांस' अशा अर्थाचे निघते. आधी हसत असलेले प्रेक्षक ते ऐकताच चिडले आणि त्यांनी सी-सी करून नाटक पाडले. लँब पुढेच बसला होता. तोही त्या गोंगाटात सामील झाला आणि स्वतःच्याच नाटकाची हुर्यो करू लागला. 

लंडन शहरावर त्याचे जिवापाड प्रेम होते. त्याचा मित्र वर्ड्‌स्वर्थ हा निसर्गकवी उत्तरेकडील डोंगरात, सरोवरांच्या काठी राहत असे. १८०१ मध्ये त्याने लँबला आपल्याकडे बोलाविले. लँबने त्याला कळविले, की आपल्याला डोंगरांची फारशी ओढ नाही. दिव्यांनी उजळलेली दुकाने, गाड्यांचा खडखडाट, नाटकगृहे, जुन्या पुस्तकांचे गाडे, भटारखान्यातून येणारा वास आणि अहोरात्र वाहणारी माणसांची गर्दी हेच आपले डोंगर आणि हीच आपली सरोवरे. स्ट्रँडच्या भरलेल्या रस्त्याने जाताना, एवढे जीवन एके ठिकाणी पाहून कधीकधी आनंदाने आपले डोळे भरून येतात, असेही त्याने लिहिले. पुढच्याच वर्षी मेरीसह तो त्या भागात गेला, स्किडॉ नावाचा पर्वत चढला आणि डोंगरही सुंदर असतात, हे त्याने मोकळ्या मनाने कबूल केले. पण परतला तो लंडनलाच.

आठवड्यातून एका सायंकाळी त्याच्या लहानशा बिऱ्हाडी मित्रांचा मेळा जमे. कवी, लेखक, नट, कचेरीतील कारकून असे नाना तऱ्हेचे लोक येत. पत्त्यांचा डाव रंगे. मेरी मेजावर मांसाचे काप आणि भाजलेल्या बटाट्यांची वाफाळती रास मांडी. लँब अडखळत बोलू लागे आणि त्या अडखळण्यातूनच एखादी कोटी अशी अवचित बाहेर पडे की सारी मंडळी खो खो हसत. लँबच्या ठिकाणी दोष नव्हते असे नाही. मद्याचा मोह त्याला पुष्कळदा आवरत नसे आणि मागाहून त्याची त्याला खंत वाटे. परंतु कोणी अडचणीत असल्याचे कळले तर आपल्या तुटपुंज्या कमाईतून मदत करण्यास तो मागेपुढे पाहत नसे.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला त्याची खरी वाट सापडली. १८२० सालच्या ऑगस्टपासून 'लंडन मॅगझिन' या मासिकात तो 'ईलिया' या टोपणनावाने निबंध लिहू लागला. हे नाव त्याने आपल्या पहिल्या कचेरीतील एका इटालियन कारकुनाचे घेतले होते. या निबंधांना मोठे विषय लागत नसत. खाणेपिणे, गाणे, पत्ते, जुनी चिनी भांडी, रस्त्यावरची माणसे, शाळेच्या आठवणी असे रोजचे विषय घेऊन तो वाचकांशी घरगुती गप्पा मारी.

डुकराच्या भाजलेल्या पिलावर त्याने लिहिलेला निबंध फार गाजला. त्यात त्याने चीन देशातील एक कपोलकल्पित कथा रचली आहे. एका आळशी मुलाच्या हातून झोपडीला आग लागते व डुकराची पिले भाजली जातात. चटका बसलेले बोट तो तोंडात घालतो आणि भाजलेल्या मांसाची चव जगात प्रथमच कळते. मग काय, ते रुचकर मांस मिळावे म्हणून गावोगाव लोक आपली घरेच पेटवू लागतात! खाण्यासाठी घर जाळावे लागत नाही, हे कळायला त्यांना बराच काळ लागतो.

संगीताच्या बाबतीत तर लँब अगदी 'औरंगजेब' होता. आपल्याला गाण्याचा कान नाही, हे त्याने एका निबंधात हसत हसत सांगून टाकले आहे. आपल्या देशाचे राष्ट्रगीत साधावे म्हणून तो एकांतात शीळ घालून आणि गुणगुणून जन्मभर खटपट करी. तरी चाल काही जमेना. संगीतिकेला गेला असताना ते न कळणारे सूर असह्य होऊन तो बाहेर रस्त्यावर पळाला आणि गाड्यांचा व फेरीवाल्यांचा गोंगाट ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. गर्दीच्या आवाजाचा अर्थ लावण्याची सक्ती कोणावर नसते, म्हणून तो त्याला गोड वाटे!

परंतु त्याचा विनोद केवळ हसविण्यासाठी नव्हता. त्या काळी लंडनमध्ये धुराडी साफ करण्यासाठी लहान लहान मुलांना आत चढवीत. काजळीने माखलेली, अनवाणी पायांची ही मुले भल्या पहाटे थंडीत कुडकुडत हिंडत. लोक त्यांना पाहून दूर सरकत. लँबने त्यांच्यावर एक निबंध लिहिला. रस्त्याच्या कोपऱ्यावर एका सुगंधी लाकडाचा दूध-साखर घातलेला गरम काढा स्वस्तात विकत असत. असा मुलगा त्या काढ्याच्या वाफेवर नाक धरून उभा दिसला, तर त्याला पेलाभर काढा आणि वर लोणी लावलेला पाव घेऊन द्या, असे त्याने वाचकांना आर्जवाने सांगितले. जेम व्हाइट नावाचा त्याचा एक शाळासोबती दरवर्षी जत्रेच्या दिवसांत या मुलांना जेवण घालीत असे. तव्यावर मांसाच्या गुंडाळ्या चुरचुरत आणि काळ्या चेहऱ्यांवर पांढरेशुभ्र दात चमकू लागत. त्या पंगतीत वाढप करायला लँब हजर असे.

मेरीलाही त्याने आपल्या निबंधांत आणले. तेथे ती ब्रिजेट नावाची चुलतबहीण होऊन येते. जुन्या चिनी पेल्यांतून चहा पिता पिता ती गरिबीच्या दिवसांची आठवण काढते. एका जुन्या ग्रंथावर त्यांचे मन जडलेले असते. कितीतरी आठवडे विचार केल्यावर एका शनिवारी रात्री दहा वाजता तो घ्यायचे ठरते आणि लँब धावतपळत दुकानाकडे निघतो. त्या ग्रंथापायी त्याला आपला जुना, झिजलेला पोशाख आणखी काही आठवडे वापरावा लागतो. पण पैसे साठवून घेतलेल्या त्या एका पुस्तकाने जो आनंद दिला, तो पुढे सहज घेतलेल्या वस्तूंनी दिला नाही, असे ती म्हणते. दुसऱ्या एका निबंधात तो दोन मुलांना आपल्या आजीच्या गोष्टी सांगत बसलेला दिसतो. शेवटी ती मुले अंधूक होत होत नाहीशी होतात. ती स्वप्नातलीच असतात. ज्याने बहिणीसाठी स्वतःच्या संसाराची आशा सोडली, त्याच्या मनातील हुरहूर येथे वाचकाला कळते.

तेहतीस वर्षे नोकरी करून २९ मार्च १८२५ रोजी लँब निवृत्त झाला. कंपनीने त्याला दरसाल ४४१ पौंड निवृत्तिवेतन दिले. इतका मोकळा वेळ हाती आल्यावर आरंभी तो गोंधळूनच गेला. पाय आपोआप कचेरीकडे वळत. पुढे मेरीच्या प्रकृतीसाठी त्याने लंडनच्या गजबजाटापासून दूर, एन्फील्ड व नंतर एडमंटन या गावी बिऱ्हाड केले. ज्या शहरावाचून त्याला चैन पडत नसे, तेही त्याने बहिणीसाठी सोडले.

१८३४ च्या जुलै महिन्यात कोलरिज वारला. बालमित्राच्या वियोगाचा धक्का लँबला फार लागला. त्याच वर्षी डिसेंबरात फिरायला गेला असता तो ठेच लागून पडला. चेहऱ्यावरील लहानशी जखम चिघळली आणि २७ डिसेंबर रोजी त्याचे निधन झाले. मेरी त्याच्यामागे बारा वर्षांहून अधिक काळ जगली. १८४७ मध्ये तिचा अंत झाला, तेव्हा एडमंटनच्या दफनभूमीत भावाच्याच थडग्यात तिला ठेवण्यात आले.

विसाव्या शतकात ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी मराठीत लघुनिबंध लोकप्रिय केला. साध्या विषयावर वाचकाशी मनमोकळ्या गप्पा मारण्याची ही रीत इंग्रजी निबंधकारांपासून आपल्याकडे आली. त्या निबंधकारांत लँबचे स्थान फार वरचे आहे. त्याने राज्ये जिंकली नाहीत की मोठे शोध लावले नाहीत. कचेरीतील काम त्याने नेकीने केले, आजारी बहिणीला दिलेला शब्द अखेरपर्यंत पाळला आणि उरलेल्या वेळात, पेलाभर चहात आणि रस्त्यावरच्या गर्दीत किती आनंद भरलेला आहे, ते हसतमुखाने जगाला दाखविले. ज्याच्या वाट्याला दुःख आले नाही त्याचे हसणे सोपे असते. लँबचे हसू तसे सोपे नव्हते, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकून राहिले आहे.